बंधाऱ्याच्या फळ्या

मुली सासरी नांदायला जातात, मी बंधाऱ्यावर नांदायला गेले. नवऱ्याच्या मागे घर नव्हतं, शेत नव्हतं, सासू-सासरे कधीच गेलेले. होती ती बोरी नदीच्या काठावरची एक दगडी खोली, दारात शेवग्याचं झाड आणि समोर या काठापासून त्या काठापर्यंत गेलेली काळ्या दगडाची भिंत. नवरा त्या भिंतीवरचा पाटकरी. पाण्याची दारं वेळेवर उघडायची आणि लावायची, हे त्याचं काम. एकोणीसशे तीस साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी अठराची होते.

हा बंधारा शेतीसाठी नव्हता, विजेसाठी होता. चार मैलांवरच्या पेठेत एका व्यापाऱ्याचा कापसातली सरकी काढायचा कारखाना होता, त्याला सगळे ‘जिन’ म्हणत. व्यापाऱ्याला सगळे ‘मालक’ म्हणत. त्यानं वीज करायचं यंत्र विलायतेहून मागवलं आणि त्याच्यासाठी नदी अडवली.

नदी कशी अडवली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बंधाऱ्याच्या खाली बोरी घोड्याच्या नालेसारखा मोठा वळसा घेते. त्या नालेच्या पोटात एक गाव आहे. मालकानं नालेच्या दोन टोकांमधून सरळ पाट खणला. अडवलेलं पाणी पाटातून जाई, पलीकडच्या टोकाला पंधरा-वीस हात खाली पडे, पडताना चाक फिरवी आणि पुन्हा नदीला मिळे. पाण्याचा थेंबही आपण खात नाही, असं मालक सगळ्यांना सांगत असे. ते खरंच होतं. मधल्यामध्ये वळशातल्या गावाची नदी तेवढी गेली.

बांधकामाच्या वेळी गाव गप्प बसलं नव्हतं. तेव्हा मालकानं गावच्या बिरोबापुढं भंडारा उचलून शब्द दिला, की भिंतीच्या तळाला एक लहान दार ठेवीन आणि ते बारा महिने चार बोटं उघडं राहील. त्या चार बोटांच्या पाण्यावर गाव जगत होतं. गुरं त्यातच पीत, बाया त्यातच धुणं धूत आणि वाळूत झिरे खणून प्यायचं पाणी नेत.

लग्न होऊन आठ दिवस झाले असतील. नवरा मला पाटाच्या कडेकडेनं वीजघर दाखवायला घेऊन गेला. त्याच्या चेहऱ्यावर नवा बैल दाखवणाऱ्याचं सुख होतं.

“हितनं पाणी पडतं,” तो म्हणाला, “आन् उजेड पडतो तितं, पेठंत.”

“आन् आपल्या खोलीत?”

“आपल्याला चिमणी हाय की.”

तो चिडला नाही, लाजलाही नाही. त्याला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं. विजेच्या तारा आमच्या खोलीवरून, वळशातल्या गावाच्या शेतांवरून थेट पेठेत जात. खाली सगळीकडे रॉकेलच्या चिमण्या.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात नवऱ्याचा हात गेला. पाटाच्या तोंडाशी मोठं लोखंडी दार होतं, ते हँडल फिरवून उचलावं लागे. पूर आला म्हणून तो घाईनं दार खाली सोडत होता. दात्यात अडकणारी खीळ निसटली, हँडल उलटं गरगरलं आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. ओला फाटा मोडावा तसा आवाज झाला. हाडवैद्यानं बांबूच्या काड्या लावून बांधलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. बोटं मिटेनात.

मालकाचा दिवाणजी सायकलवरून आला. हात बघितला, दार बघितलं आणि माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाला, “दार येळेवर हललं पायजे. कोन हलवतंय ते मी बगत न्हाय.”

म्हणजे मीच. दुसऱ्या दिवसापासून हँडल माझ्या हातात आलं. पहिल्याच दिवशी बांगड्या फुटल्या. मग मी मनगटांना फडकी बांधायला लागले. महिनाभर खांदे असे दुखत, की वेणी घालायला हात वर जात नसत. नंतर दुखायचं थांबलं. माझे दंड पहिलवानासारखे झाले आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला, हे कबूल करते. माझे वडील दुधनीच्या बाजारात तोलार. त्यांनी मला तीन इयत्ता शिकवलं होतं, त्यामुळं भिंतीवर रंगवलेली पाण्याची पट्टी मला वाचता येई. रोज सकाळी मी पाणी किती ते वहीत लिही आणि खाली नवऱ्याचं नाव घाली. पगार त्याच्या नावानं, सही त्याच्या नावानं, काम माझं.

बंधाऱ्याचा दगडन्‌दगड मला माहीत झाला. सगळ्यात मला आवडत त्या फळ्या. पावसाळ्याचा पूर ओसरला, की भिंतीच्या माथ्यावर लोखंडी खुंटांच्या खाचांत सागवानी फळ्या बसवत, एकीवर एक अशा तीन. त्यानं भिंत आणखी कमरेइतकी उंच होई आणि पाणी तेवढं जास्त साठे. मागच्या बाजूनं चालायला अरुंद वाट होती. फळ्या बसवायला पेठेतून दहा गडी येत. पण काढताना खुबी लागते. पाण्याचा दाब सगळा खालच्या फळीवर असतो, वरच्या फळीवर कमी. दोन टोकांना आकडे लावून एकदम उचललं, तर वरची फळी चार माणसांना सहज निघते. हे मला नवऱ्यानंच शिकवलं.

तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. संक्रांत झाली आणि पाण्यानं पट्टीवरची खूण सोडली. एरवी पाणी कमी झालं की वीजघर बंद ठेवत आणि जिन तेलाच्या इंजिनावर चाले. त्या वर्षी कापूस उशिरा आला होता. मालकाला इंजिनाला तेल घालायचं नव्हतं. दिवाणजी साखळी आणि कुलूप घेऊन आला.

“तळाचं दार लाव,” तो म्हणाला. “कापूस संपस्तोवर उघडायचं न्हाय.”

मी म्हणाले, “मालकांनी भंडारा उचलला हुता.”

“भंडारा उचलला तवा पाऊस बी पडत हुता.”

नवरा बाजूला उभा होता. त्यानं मला डोळ्यानं खुणावलं, लाव. मी दार लावलं. ते दार माझ्या हातानं बंद झालं, ही गोष्ट मी कुणापासून लपवली नाही आणि इथंही लपवत नाही. दिवाणजीनं त्या दाराच्या हँडलला साखळी गुंडाळली, कुलूप घातलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि गेला.

पाचव्या दिवशी वळशातल्या बाया आल्या. सात-आठजणी, रिकाम्या घागरी घेऊन. त्यांच्या पुढं एक म्हातारी होती, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीचं लिंग. गावात तिला सगळे अव्वा म्हणत. घरात ती कन्नड बोले, बाहेर मराठी. मी दुधनीची, मला कन्नड कळतं, हे तिला ठाऊक होतं.

“नीरु बिडु, तंगी,” ती म्हणाली. पाणी सोड, धाकटे.

“कुलूप हाय, अव्वा.”

“बगितलं.”

“किल्ली दिवाणजीपाशी हाय. मी काय करू? आमाला हितनं हाकलून देतील.”

ती कुलपाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. “कुलूप दाराला हाय. तुला कुटं हाय?” असं म्हणून ती वळली. बाकीच्या तिच्यामागं गेल्या. त्यातली एक जाताना माझ्या अंगणात थुंकली. मला राग आला. दिवसभर मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते.

दुसऱ्या दिवशी मी कमरेवर घागर घेतली आणि गावात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. तीन वर्षं मी वरून पाणी बघत होते, खालून कधी बघितलं नव्हतं. वळशातली नदी म्हणजे पांढरी वाळू. झिरे आता पुरुषभर खोल खणले होते. एक बाई आत उतरून करवंटीनं पाणी गोळा करत होती, दुसरी वरून तांब्या ओढत होती. पाणी दुधासारखं गढूळ. एका कडेला म्हशी नुसत्या उभ्या होत्या.

गावात एक विहीर होती. आटत आली होती, पण होती. मात्र ती सगळ्यांची नव्हती. विहिरीपासून वीस पावलांवर माझ्याच वयाची एक बाई दोन घागरी उपड्या घालून बसली होती. महारवाड्यातली. तिला विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणाला दया आली तर तो लांबून तिच्या घागरीत ओतणार.

“कवापासनं बसलीस?” मी विचारलं.

“दिवस उगवल्यापासनं.”

“कुनी घातलं न्हाय?”

तिनं मान हलवली. मग म्हणाली, “नदी हुती तवा कुनाच्या तोंडाकडं बगावं लागत नव्हतं.”

ती माझ्यावर रागावली नव्हती. दार कुणी लावलं ते तिला माहीत असेलच. पण तिनं ते काढलं नाही, आणि थुंकणारीपेक्षा तीच मला जास्त लागली. मी विहिरीतून दोन घागरी शेंदल्या आणि तिच्या घागरी भरल्या. दोनच. त्यावर विहिरीवरच्या बाया कुजबुजल्या, कारण ओतताना मी पुरेशी लांब उभी राहिले नव्हते. मग मी सरळ अव्वाच्या घरी गेले आणि म्हणाले, “अव्वा, कुलूप तळाच्या दाराला हाय. फळ्यास्नी न्हाय.”

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. लपूनछपून करायचं माझ्या मनातही नव्हतं. तो जेवत होता, डाव्या हातानं. घास तसाच राहिला.

“डोकं फिरलं काय तुझं? हात गेला तरी ठिवलंय त्यांनी आपल्याला.”

“कशावर ठिवलंय? माज्या हातावर ठिवलंय.”

“आन् हितनं गेलो तर कुटं जायाचं?”

“ते मला म्हाईत न्हाय.”

खरंच माहीत नव्हतं. शूर माणसांना पुढचं सगळं दिसतं म्हणतात. मला उद्याचं दुपारचं जेवणही दिसत नव्हतं. सकाळी उठून तो वीजघराकडं निघून गेला. थांबवलं नाही आणि साथही दिली नाही.

सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर बाया आल्या. तीस तरी असतील. दिवाणजी त्या वेळी जिनात कापसाच्या गाड्या उतरवून घेण्यात गुंतलेला असे, म्हणून मी ती वेळ सांगितली होती. सगळ्यांनी पदर खोचले होते. महारवाड्यातल्या सहाजणी मागं, थोड्या वेगळ्या उभ्या होत्या, त्यात घागरीवाली होती.

तळाचं दार बंद असल्यानं पाणी वरच्या फळीपर्यंत चढलं होतं. मी आकडे आणि दोर काढून दिले आणि कसं उचलायचं ते सांगितलं. दोन्ही टोकं एकदम, धक्का न देता, ओढून मागच्या वाटेवर घ्यायची. एका फळीला चारजणी. पहिल्या दोन फळ्या निघाल्या आणि भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा खाली पडायला लागला. बाया ओरडल्या. तिसऱ्या फळीला तिघीच झाल्या. चौथी जवळ उभी होती ती घागरीवालीच. तिघींपैकी एकीनं आकडा खाली ठेवला.

अव्वा काठावरून म्हणाली, “फळी सागवानी हाय गं, बाटत न्हाय.”

कुणी हसलं, कुणी नाही. घागरीवाली पुढं आली आणि तिनं दोर धरला. फळी उचलली. त्यानंतर कोण कुणाशेजारी आहे हे बघायला सवड राहिली नाही, कारण पाणी वाढलं होतं आणि शेवाळावरून पाय सरकत होते.

भिंतीच्या मधोमध, दोन खुंटांमधल्या गाळ्यापाशी माझाच पाय सरकला. माझं सगळं ध्यान आकड्यात होतं. एक पाय भिंतीवरून खाली गेला, तिथून खालच्या खडकांपर्यंत तीन पुरुष खोली. घागरीवालीनं माझा दंड पकडला. दोन्ही हातांनी, नखं रुतेपर्यंत. मला वर ओढून ती लगेच हात सोडायला लागली, सवयीनं. मीच तिचा हात धरून ठेवला.

दुपारपर्यंत वरच्या दोन्ही ओळी निघाल्या. दीड हात उंचीचं पाणी भिंतीवरून वळशात कोसळत होतं. तो आवाज मी पावसाळ्यात शंभरदा ऐकला होता, पण माघ महिन्यात कधी नाही. खाली कोरड्या वाळूत पाणी आधी नुसतं मुरत राहिलं, दिसेनासं होत होतं. मग एका बारीक धारेनं पुढं सरकलं आणि वळणाआड गेलं. एक पोरसवदा सून त्या धारेच्या पुढं पुढं पळत गावाकडं गेली.

फळ्या काठावर ठेवल्या तर गडी लावून परत बसवतील. म्हणून अव्वानं सांगितलं, “भंडारा जितं उचलला, तितं ठिवा.” बायांनी फळ्या डोक्यावर घेतल्या आणि बिरोबाच्या देवळात नेल्या. पायरीपाशी महारवाड्यातल्या सहाजणी थांबल्या. तिथून पुढं फळ्या दुसऱ्यांनी उचलून आत नेल्या. ज्या हातांनी सकाळभर एकाच फळीला धरलं होतं, त्यांतल्या काहींनी घरी जाऊन अंगावर पाणी घेतलं. हेही मी बघितलं. आमच्या पराक्रमात ते बसत नाही, तरी सांगते.

पाणी पाटाच्या तोंडाखाली उतरलं आणि जिन दुपारीच थांबलं. कापसाच्या गाड्यांची रांग पेठेच्या वेशीपर्यंत गेली. दिवाणजी सायकल दामटत आला, बोडकी भिंत बघितली, माझ्याकडं बघितलं आणि सायकल वळवून परत गेला. त्या संध्याकाळी पेठेत दिवे लागले नाहीत. नवरा वीजघरातून आला आणि ओसरीवर बसून राहिला. मी भाकरी वाढली, त्यानं खाल्ली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक मोटारीतून आला. बरोबर दिवाणजी आणि दोन रखवालदार. बाया बंधाऱ्याच्या काठावर येऊन उभ्या होत्या. मालक पन्नाशीचा, अंगानं किरकोळ, आवाज मऊ. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो ओरडला नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

“हे कुणी केलं?” त्यानं विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

मला वाटलं, मागून आवाज येतील. एकही आला नाही. तीस बायांमध्ये माझा एकटीचा आवाज. त्याचं वाईट मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आता वाटत नाही. त्यांना त्याच गावात राहायचं होतं.

नवरा घाईनं पुढं आला. “मालक, बाईमानूस हाय. अक्कल न्हाय तिला. चुकलं तिचं, पदरात घ्या.”

“माजं चुकलं न्हाय,” मी म्हणाले. नवऱ्याला खोटं पाडायची ती पहिलीच वेळ, आणि तीही परक्या माणसांसमोर. तरी जीभ थांबली नाही. “मालक, तुमच्या चाकाला चार म्हैने पानी न्हाय मिळालं तर चाक मरत न्हाय. गाव मरतं.”

मालकानं माझ्याकडं नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. “बाई, हा उजेड पेठेत आला तेव्हा लोकांनी दिव्याला हळदकुंकू वाहिलं. तुला काय कळणार, हे उभं करायला काय लागलं ते.”

“मी रोज हँडल फिरवतीया, मालक. मला कळतं की.”

दिवाणजी खाली बघायला लागला. दार कोण हलवतंय हे आपल्याला माहीत होतं, हे मालकासमोर यायला त्याला नको होतं. मालकानं माझा नाद सोडला आणि नवऱ्याकडं वळला.

“फळ्या आणून बसव. गडी देतो. झालं ते मी विसरतो.”

नवऱ्यानं तो वाकडा हात दुसऱ्या हातात धरला. मग तो म्हणाला, “माज्याच्यानं व्हायाचं न्हाय, मालक.”

“हाताचं कारण सांगतोस?”

“हाताचं न्हाय.”

तेवढंच बोलला. लग्नापासून त्या क्षणापर्यंत मला तो भला माणूस वाटे. त्या दिवशी तो मला आवडला.

संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायचा हुकूम झाला. आमचं सामान ते किती! एक ट्रंक, दोन वाकळा, चार भांडी. अव्वानं तिच्या ओसरीवर जागा दिली. रखवालदारांना फळ्या आणायला देवळात पाठवलं, पण दोघंही बिरोबाला मानणारे, ते पायरीवर नमस्कार करून परत आले. पेठेतल्या सुताराला नव्या फळ्या करायला सांगितल्या. तो म्हणाला, असलं सागवान आणून कापायला पंधरवडा लागेल. तोवर मालकाला इंजिनाला तेल घालावंच लागलं.

आणि बाया बसल्या. साठा ओसरून पाणी आता मधल्या दोन-तीन गाळ्यांतूनच वाहत होतं; रोज पाळीनं दहाजणी भिंतीवरच्या त्या अरुंद वाटेच्या कोरड्या भागावर जाऊन बसत, निवडण-टिपण घेऊन. कुणी डाळ निवडी, कुणी वाती वळी. एकदा फौजदार आला, त्यानं वर बघितलं, तर समोर सूप पाखडणाऱ्या बाया. तो दिवाणजीला म्हणाला, “ह्यांच्यावर कुठलं कलम लावू?” आणि अव्वाकडून ताक पिऊन गेला.

बाराव्या दिवशी निरोप आला. मालक तळाच्या दाराचं कुलूप काढायला तयार होता, चार बोटं पाणी पाऊस पडेपर्यंत सोडायला तयार होता. बायांनी फळ्या परत द्यायच्या. आणि एक अट होती: ती पाटकऱ्याची बाई पुन्हा बंधाऱ्यावर दिसता कामा नये.

अव्वा भडकली. “ब्याड,” ती म्हणाली. नको. “तुला घालवून पानी न्हाय घ्यायाचं आमाला.” त्या दिवशी बाकीच्या बायाही बोलल्या, एकीवर एक. थुंकली होती ती सगळ्यात मोठ्यानं.

“घ्या,” मी म्हणाले. “मी काय पानी प्यायला बंधाऱ्यावर जाती व्हय? पानी घ्या तुमी.”

पण एक गोष्ट मी केली. कुलूप काढायला दिवाणजी आला, तेव्हा मी सगळ्यांसमोर भिंतीच्या या टोकावरून चालायला लागले. मधोमध आले तेव्हा तो ओरडला, “ए बाई, मालकांची अट हाय!”

“अट उद्यापास्नं,” मी म्हणाले आणि चालत राहिले. पलीकडच्या काठाला हात लावला, वळले आणि तशीच परत आले. घाई केली नाही. मग साखळी निघाल्यावर हँडलही मीच फिरवलं. दिवाणजीनं अडवायला हात पुढं केला आणि मागं घेतला. दार चार बोटं उघडलं. दार मी लावलं होतं, तेव्हा उघडायचा हक्कही माझाच, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

दोन दिवसांनी आम्ही बैलगाडीनं स्टेशनावर आणि तिथून सोलापुरात आलो. निघताना बायांनी ओटी भरली. घागरीवाली गावाबाहेर रस्त्यावर उभी होती. तिनं पदरात बांधून आणलेले भाजलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले, लांबून टाकले नाहीत. आम्ही ते गाडीत खाल्ले. नवऱ्यानंही खाल्ले.

शहरात पहिले दोन महिने फार वाईट गेले. मग मला एका गिरणीत सुताच्या रिळांच्या खात्यात काम मिळालं. माझे दंड बघूनच घेतलं असावं. नवऱ्याला गोदामावर राखणीचं काम मिळालं, त्याला एक हात पुरत होता. आमच्या चाळीत शेजारी पद्मशाली विणकरांची घरं होती, तेलुगू बोलणारी. रस्त्यावर विजेचे दिवे होते. कुणाचं पाणी अडवून ते लागतात, याची मी चौकशी करत असे. लोक हसत.

बंधाऱ्याचं मी कुणाला सांगितलं नाही. नवरा त्यावर बोलत नव्हता, आणि त्याला मालकासमोर खोटं पाडलं ते त्याच्या मनात कुठंतरी आहे, अशी माझी समजूत. आमची मोठी मुलगी पोटात असताना एका रविवारी शेजारचा विणकर ओट्यावर बसून नवऱ्याला विचारत होता, की हात कशानं गेला आणि चांगली बंधाऱ्यावरची नोकरी सोडून इथं का आलात. मी आत पीठ मळत होते. आता हा काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, असं मला वाटलं.

“हात दारानं गेला,” नवरा म्हणाला. “आन् नोकरी हिनं घालवली.” थोडं थांबला. मग आवाज चढवून, मला ऐकू जाईल असा म्हणाला, “तीस बाया घिऊन बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या हिनं. मालक मोटारीतनं आला, तर त्याच्या तोंडावर म्हनली, मी काढल्या. ऐका, पयल्यापास्नं सांगतो.”

आणि त्यानं पहिल्यापासून सांगितलं. साठ बाया केल्या, मालकाला घाम फोडला, फौजदाराला हात जोडायला लावले. मी पिठाच्या हातानं दारात आले आणि म्हणाले, “तीसच हुत्या. आन् फौजदार ताक पिऊन गेला.”

“तू सांग मग,” तो म्हणाला आणि ओट्यावर सरकून मला जागा करून दिली.